काचेच्या डोळ्याचा मासा

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा शिकारी मासा. कॅनडाचा मोठा भाग, पंचमहासरोवरे आणि अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही उत्तरेकडची राज्ये हे त्याचे मूळ घर. अंगावर सोनेरी-शेवाळी झाक, पोट पांढरे, पाठीवर काटेरी पर, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि जबड्यात सुईसारखे दात. पण या सगळ्याआधी नजरेत भरतो तो त्याचा डोळा. मोठा, बाहेर आलेला आणि दुधी काचेची गोटी बसवल्यासारखा. त्याच्या शास्त्रीय नावातही तो आहे: सँडर व्हिट्रियस, त्यातला दुसरा शब्द काचेवरून आलेला. इंग्रजी बोलणारे कॅनडियन त्याला ‘पिकरेल’ म्हणतात, फ्रेंच बोलणारे ‘दोरे’, म्हणजे सोनेरी. या तळ्यांच्या काठी फार पूर्वीपासून राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचा शब्द ‘ओगा’.

त्या डोळ्यात पडद्याच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. मांजरीचे किंवा गाईचे डोळे अंधारात विजेरीच्या झोतात चमकतात ते अशाच थरामुळे. डोळ्यात शिरलेला प्रकाश पडद्यातून एकदा जातो, थरावर आपटून परत येतो आणि पडद्याला दुसऱ्यांदा भेटतो. त्यामुळे गढूळ पाण्यात, संधिप्रकाशात, चांदण्यात वॉलआयला इतर माशांपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते. त्याचे आवडते भक्ष्य म्हणजे पिवळा पर्च. पर्चची नजर दिवसा तीक्ष्ण असते, पण सूर्य मावळताना ती मंदावते. शिकाऱ्याला दिसते आहे आणि सावजाला दिसत नाही, असा तो तास-दीड तास असतो, आणि वॉलआयचे पोट मुख्यतः त्याच वेळात भरते. भर उन्हात तो खोल पाण्यात, खडकाच्या सावलीत नाहीतर पाणवनस्पतींच्या दाटीत थांबतो. उत्तरेकडचे जाणते मासेमार तळ्यावर पोचल्यावर आधी आभाळाकडे पाहतात ते यामुळेच. हा मासा गरवण्याची सारी विद्या म्हणजे पाण्यात उजेड किती खोल गेला आहे, हे ओळखण्याची विद्या.

मिनेसोटाने १९६५ साली वॉलआयला राज्याचा मासा ठरवले. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या या राज्यात त्याचे वर्ष बर्फ फुटण्यापासून मोजावे लागते.

एप्रिलमध्ये बर्फ काठापासून सुटू लागतो. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांची मुखे आधी मोकळी होतात आणि पाण्याचे तापमान हळूहळू ६ ते १० अंश सेल्सियसवर येते. तेवढी खूण माशांना पुरते. आधी नर येतात, मागून गाबोळीने पोट तटतटलेल्या माद्या. काही प्रवाहाविरुद्ध नदीत चढतात, तर काही तळ्यातच लाटांनी धुतलेल्या गोट्यांच्या काठाशी जमतात. विण रात्री होते, तीही इतक्या उथळ पाण्यात की कधी कधी पाठीचे पर पाण्याबाहेर दिसतात. वॉलआय घरटे करत नाही आणि अंड्यांची राखणही करत नाही. मोठी मादी लाखांनी अंडी सोडते, ती गोट्यांच्या फटींत पडतात आणि आईबाप खोल पाण्याकडे वळतात. पाणी किती गार आहे त्यावर अंडी फुटायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मध्येच थंडीची लाट आली, वादळाने अंडी काठावर फेकली किंवा वरून गाळ बसला, तर त्या वर्षाची पिढीच जवळजवळ बुडते. म्हणून वॉलआयच्या तळ्यात सगळ्या वयाचे मासे सारख्या संख्येने कधी सापडत नाहीत. एखाद्या चांगल्या वर्षी जन्मलेली पिढी पुढे कित्येक वर्षे सगळ्या तळ्याला पुरते.

नव्याने फुटलेले पिल्लू उजेडाकडे ओढले जाते, कारण त्याचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव उजेडातच असतात. तीनएक सेंटिमीटरचे झाले की त्याची दिशा उलटते. डोळ्यातला तो थर घडू लागतो, खाण्यात लहान मासे येतात आणि पिल्लू उजेडाला पाठ करते. ती पाठ जन्मभर तशीच राहते.

विणीसाठी चढणारा मासा मराठी वाचकाला नवा नाही. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर येणारे चढणीचे मासे कोकणात आणि घाटावर पिढ्यान्‌पिढ्या धरले जातात. रायगडाकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. पोटात गाबोळी असलेला मासा त्या चार दिवसांत सहज हाती लागतो, आणि तो किती धरावा हा प्रश्न त्या सहजपणातूनच उभा राहतो. मिनेसोटाने त्याचे उत्तर कायद्याने दिले. राज्याच्या बहुतेक तळ्यांवर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत वॉलआयसाठी गळ टाकता येत नाही.

ओजिब्वे लोकांचे उत्तर वेगळे आहे आणि कितीतरी जुने आहे. मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करण्याचे दिवस संपता संपता ते ओगाच्या शिकारीला निघतात. साधन म्हणजे अनेक टोकांचा भाला आणि दिवा. पूर्वी भूर्जाच्या सालीच्या मशाली होडीच्या नाळेवर पेटवत, आता डोक्याला विजेरी असते. झोत पाण्यात पडला की त्या माशाचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. ज्या डोळ्याने अंधारात त्याला राजा केले, तोच त्याचा ठावठिकाणा सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये हे दृश्य पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी एका तळ्याला ‘लाक द्यु फ्लाँबो’, म्हणजे मशालीचे तळे, असे नाव दिले. ते नाव आजही नकाशावर आहे.

या भाल्यामागे मोठा कायदेशीर लढा आहे. १८३७ आणि १८४२ च्या तहांत ओजिब्वेंनी प्रचंड भूभाग अमेरिकेला दिला, पण त्या भूमीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्यांनी तो दीर्घकाळ नाकारला. १९८३ साली संघीय अपील न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील हक्क मान्य केला आणि त्यानंतरच्या वर्षांत वसंत आला की होड्यांच्या धक्क्यांवर जमाव जमू लागले. दगड, शिव्या, वंशद्वेषी फलक हे सारे ओजिब्वे कुटुंबांनी रात्रीमागून रात्री सोसले. १९९१ मध्ये संघीय न्यायालयाने या छळाला मनाई केली. मिनेसोटातील मिल लॅक्स जमातीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २४ मार्च १९९९ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी जमातीच्या बाजूने निकाल लागला. भाल्याने तळी रिकामी होतील, ही त्या काळी पसरवलेली भीती निराधार होती. जमातींची शिकार आधी ठरवलेल्या कोट्यात चालते आणि धक्क्यावर मासे मोजून घेतले जातात. गळाने धरलेल्या माशांचा इतका काटेकोर हिशेब सहसा ठेवला जात नाही.

गळाचा हंगाम मेच्या मध्यावर एका शनिवारी उघडतो. मिनेसोटात हा दिवस सणासारखा असतो. १९४८ पासून राज्याचे गव्हर्नर दरवर्षी त्या दिवशी एखाद्या गावाच्या तळ्यावर गळ घेऊन उतरतात, आणि तो शनिवार बऱ्याचदा मातृदिनाला लागून येत असल्याने घराघरांत दोन्ही बेत जुळवावे लागतात. शुक्रवारी संध्याकाळीच राजधानीच्या बाजूने होड्या ओढणाऱ्या गाड्यांची रांग उत्तरेकडे लागते.

या वेळी मासा विण संपवून थकलेला असतो आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात रेंगाळतो. पाणी थंड असल्याने त्याची हालचाल संथ असते, म्हणून आमिषही संथच चालवावे लागते. सर्वांत भरवशाचे साधन जिग, म्हणजे मानेवर शिशाची लहान गोळी ओतलेला गळ. त्यात जिवंत बारकी मासळी ओवायची, तळाला टेकू द्यायची, चार-सहा इंच उचलायची आणि ताणलेल्या दोऱ्यावर हळूच खाली येऊ द्यायची. वॉलआय बहुधा आमिष खाली येत असतानाच घेतो. तो हिसका मारत नाही. दोऱ्याच्या टोकाला कुणी बोटाने टिचकी मारावी एवढेच जाणवते, आणि कधी तेवढेही नाही. फक्त वजन थोडे वाढल्यासारखे वाटते. ही टिचकी ओळखायला शिकण्यात नवख्याचे पहिले दोन-तीन हंगाम जातात.

जिगच्या शिशाची किंमत मात्र एक पक्षी देतो. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यांबरोबर तुटून पडलेले शिसेही गिळतो आणि विषबाधेने मरतो. टंगस्टनच्या आणि कथलाच्या गोळ्या बाजारात मिळतात. त्या थोड्या महाग आहेत, पण शिशाला चिकटून राहण्याचे दुसरे एकही पटणारे कारण नाही.

जूनमध्ये पाणी तापते तसे आमिष बदलते. बारक्या मासळीची जागा जळू आणि गांडूळ घेतात. ही जळू सह्याद्रीत पायाला चिकटणाऱ्या जळवांसारखी रक्त पिणारी नव्हे. पाण्यात ती फितीसारखी वळवळत पोहते आणि त्या पोहण्यालाच मासा भुलतो. ती सादर करण्याची पद्धत मिनेसोटाच्या ब्रेनर्ड गावातून साठच्या दशकाच्या अखेरीस देशभर गेली. रॉन आणि अ‍ॅल लिंडनर या भावांनी लोकप्रिय केलेल्या ‘लिंडी रिग’मध्ये वजन दोऱ्याला बांधलेले नसते, दोरा त्यातून सरकतो. मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला ओझे जाणवत नाही. मासेमार रिळाची कडी उघडी ठेवून दोरा बोटावर धरतो, ओढ लागताच सोडतो, थोडे थांबतो आणि मगच काठी उचलतो. साधन इतके साधे की त्यात सुधारायला फारसे काही उरले नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळाच्या चिखलातून मेफ्लाय नावाचे कीटक ढगांनी बाहेर पडतात. ईरी सरोवरावर हे ढग हवामानाच्या रडारवरही दिसतात. चिखलातून वर निघालेली त्यांची अळी म्हणजे वॉलआयला पसरलेले ताट. त्या आठवड्यांत उत्तमातले उत्तम आमिषही गळावर तसेच राहते आणि तळ्यात मासे उरले नाहीत अशी ओरड सुरू होते. मासे असतात, फक्त त्यांची पोटे भरलेली असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खोल तळ्यांचे पाणी थरांत विभागते. वर गरम, खाली गार पण प्राणवायू कमी, आणि मध्ये तापमान झपाट्याने बदलणारा पट्टा. वॉलआय त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, बुडालेल्या टेकड्यांच्या आणि खडकांच्या उतारांवर सापडतो. दुपारी त्याला धरायचे तर वारा हवा. शांत, आरशासारख्या पाण्यात ऊन सरळ खाली उतरते. वाऱ्याने एक-दीड फुटाच्या लाटा उठल्या की तेच ऊन तुटते, विखुरते. काठाचा गाळ ढवळून पाणी मळते आणि मासा उथळात येतो. इकडच्या बोलीत अशा लाटांना या माशाचेच नाव आहे, ‘वॉलआय चॉप’. होडीत बसणे नकोसे वाटेल असा दिवसच इथे चांगला दिवस. रात्रीचे काम निराळे. अंधारात होडी संथ चालवत मागे लाकडी मासळी ओढायची. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ च्या सुमारास जखमी मासळीसारखी लडखडत पोहणारी अशी नकली मासळी बुचातून कोरली. पुढे ती अमेरिकेत मिनेसोटाच्या व्यापाऱ्यांमार्फतच पसरली.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बसू लागते आणि वारा सगळे तळे ढवळून एक करतो. थर मोडले की मासा कुठेही असू शकतो, म्हणून ते काही दिवस हाताला यश नसते. त्यानंतर येतो तो वर्षातला सर्वांत मोठ्या माद्यांचा काळ. पुढच्या वसंतातली गाबोळी त्यांच्या पोटात आताच भरू लागलेली असते आणि त्यासाठी त्या अधाशासारख्या खातात. शरदाच्या अखेरीस टुलिबी नावाचा मासा विणीसाठी खडकाळ उथळात येतो, त्याच्यामागे रात्री वॉलआय. काही मासेमार छातीपर्यंत येणारे रबरी पोशाख घालून पौर्णिमेच्या रात्री गोठत्या पाण्यात उभे राहतात. या दिवसांत मिळालेली मोठी मादी परत सोडावी, असा संकेत पुष्कळजण पाळतात. तो पाळायलाच हवा, कारण तिच्या पोटात तळ्याचे पुढचे वर्ष असते. पण मासा तीस फुटांपेक्षा खोलातून झटकन वर काढला तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि परत सोडलेला असा मासा बहुधा जगत नाही. सोडायचेच असेल तर खोलात गळ टाकू नये.

मग तळी गोठतात. पाणी चार अंशाला सर्वांत जड असते, म्हणून थंडी वाढली तरी तळाचे पाणी चार अंशाच्या आसपास राहते आणि त्याहून थंड पाणी वर तरंगून गोठते. पाण्याचा हा गुण आणि बर्फाचे तरंगणे नसते तर ही तळी तळापासून गोठली असती. माणूस चालण्यासाठी नवा, पारदर्शक बर्फ निदान चार इंच हवा. गाडीसाठी त्याच्या अडीच-तीन पट, आणि बर्फ पांढरा, हवा मिसळलेला असेल तर त्याहूनही जास्त. जानेवारीपर्यंत मिल लॅक्स, अप्पर रेड लेक, लेक ऑफ द वुड्स या तळ्यांवर घरांची गावे वसतात. बर्फावर नांगराने रस्ते काढलेले असतात, भेगांवर पूल टाकलेले असतात आणि घरात शेगडी, बिछाने असतात. जमिनीला सात-आठ इंच रुंदीची भोके आणि त्यांत काळे पाणी. भिंतीला खुळखुळा बसवलेले रीळ असते. मासा लागला की ते वाजते आणि झोपलेला मासेमार उठून दोरा हातानेच ओढतो.

घरातल्या ‘सोनार’ या मासे शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आमिष आणि मासा दोन रेघांसारखे दिसतात. मासा येतो, थांबतो, बघतो आणि पुष्कळदा निघून जातो. हिवाळ्याच्या सुरुवातीला, बर्फ पातळ आणि उघडा असताना, सकाळ-संध्याकाळच्या तासाभरात मासे जोरात लागतात. बर्फावर हिम साचले की खाली दिवसाही अंधार होतो, आणि मासा दुपारी लागू लागतो. मध्य हिवाळ्यात मात्र तो सुस्तावतो. तेव्हा चमकणारा पत्रा हलवून त्याला बोलवायचे आणि शेजारच्या भोकात जिवंत मासळी नुसती लटकत ठेवायची, असा जोडडाव चालतो.

बर्फ आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. २९ डिसेंबर २०२३ रोजी अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून अधिक माणसांना बोटींनी परत आणावे लागले. तो हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला असाधारण उबदार हिवाळा ठरला.

उबेपेक्षाही या माशाला जाचतो तो उजेड. मिल लॅक्स हे सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचे तळे, बृहन्मुंबईपेक्षा थोडेच लहान, पण सर्वांत खोल ठिकाणी अवघे ४२ फूट. इथले पाणी १९८० च्या दशकापासून निवळत गेले. २००५ मध्ये झेब्रा शिंपला सापडला. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला हा नखाएवढा जीव जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून पंचमहासरोवरांत आला आणि तिथून होड्यांना चिकटून पसरला. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो. पाणी काचेसारखे स्वच्छ होते, माणसाला ते सुंदर दिसते, पण अंधारात जगणाऱ्या माशाच्या वाट्याचे पाणी आकसते. वर उजेड, उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले, आणि पिल्लांना लपायला मळ उरलेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये कोटा संपल्याने राज्याला तिथला हंगाम मध्येच थांबवावा लागला आणि २०१६ चा हंगाम धरा-आणि-सोडा या अटीवर उघडला. काठावरच्या लॉजवाल्यांनी मोठे नुकसान सोसले. काहींनी त्याचा दोष जमातींच्या जाळ्यांना आणि भाल्यांना दिला, पण शिंपला भाल्याने आलेला नाही.

बेसुमार मासेमारीने काय होते आणि थांबल्याने काय होते, याचे उत्तर उत्तरेकडच्या रेड लेकमध्ये मिळते. अप्पर आणि लोअर मिळून सुमारे २,८८,८०० एकरांचे हे तळे आहे. लोअर पूर्ण आणि अप्परचा मोठा भाग रेड लेक ओजिब्वे राष्ट्राच्या हद्दीत येतो. पहिल्या महायुद्धात अन्नपुरवठ्यासाठी इथे व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि ती पुढे चालूच राहिली. जमातीची जाळी, राज्याच्या बाजूचे गळ आणि चोरटा व्यापार यांत १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वॉलआय जवळजवळ संपला. १९९७ मध्ये जमातीच्या मासेमारांनी आपणहून जाळी उचलली, जी त्यांची उपजीविका होती. १९९९ मध्ये जमात, राज्य आणि संघीय सरकार यांनी करार करून संपूर्ण बंदी केली. १९९९, २००१ आणि २००३ या तीन वर्षांत मिळून दहा कोटींहून अधिक मत्स्यजिरे, म्हणजे नुकती फुटलेली पिल्ले, तळ्यात सोडले गेले. या तळ्याचे पाणी चहासारखे गढूळ-तांबूस, वॉलआयच्या डोळ्यासाठीच केल्यासारखे. जिरे वाढले, वाढलेल्यांनी स्वतः विण घातली आणि मे २००६ मध्ये तळे पुन्हा उघडले.

तिथे आज गळाला लागणारा बहुतेक प्रत्येक मासा त्याच तळ्यात, कुणी न सोडता, जन्मलेला असतो.